कुत्र्याला घेऊन महाबळेश्वरला जाताय? आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा

मे महिन्यात कुत्रा सोबत आहे म्हटलं की महाबळेश्वरची निम्मी हॉटेलं फोनवरच नाही म्हणतात. आपली ही नड भामट्यांना पक्की ठाऊक आहे. इन्स्टाग्रामवर 'पेट फ्रेंडली लाकडी कॉटेज' दिसलं, गूगल मॅपवर नोंद होती, खाली पाच-पाच स्टार. फोनवरचा माणूस अदबशीर. आमच्या शेरूला रेबीजची लस झाली का, चिकन-भात चालेल का, सगळं विचारलं. विश्वास का नाही बसणार?

दोन रात्रींचे 11,000 आगाऊ. मग कुत्र्याचं डिपॉझिट 5,000, निघताना परत. मग 'एंट्री अडकली, 5,001 पाठवा, मागचे 5,000 आपोआप परत येतील.' एकूण 21,001 रुपये गेले. पैसे परत मिळवायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, कधीच नाही!

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कॉटेजचं नव्हतंच, कुठल्याशा बाईचं होतं. पिन टाकण्याआधी मी थांबलो, विचारलंही. 'आमच्या अकाउंटंट मॅडम, साहेब.' तो क्षण आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पण खरे बंगलेवालेसुद्धा बायकोच्या, मेहुण्याच्या खात्यावर पैसे घेतातच की. नुसत्या नावावरून संशय कुणी घ्यायचा? फोटोत मागे देवदार होते. महाबळेश्वरचं जंगल जांभूळ, हिरडा, अंजनीचं, देवदार हिमालयातला. फोटो मोठा करून बघत जा.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लागेपर्यंत पैसे पुढच्या खात्यात पोचले होते. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. इथलं पोलीस ठाणं म्हणतं, 'कॉटेज तिकडचं, तिकडे जा.' तिकडे फोन केला तर 'पैसे जिथून गेले तिथे तक्रार द्या.' अहो, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे आणि ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हे सांगितलं तर उत्तर काय, 'एवढ्याशा रकमेसाठी?' एवढीशी? यूपीआय आयडी, मोबाइल नंबर, स्क्रीनशॉट, सगळं मी ताटात वाढून दिलं. त्या नंबरवर एक फोन करायलाही कुणाला सवड नाही. मग सामान्य माणसानं दाद मागायची कुणाकडे?

व्हिडिओ कॉलवर खोली, फाटक, समोरचा रस्ता दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. मॅपवरची ती नोंद मी रिपोर्ट केली, ओळखीच्यांनाही करायला लावली. ती अजून तशीच आहे, आणि खाली नवे पाच स्टार पडताहेत.