घरच्या प्रयोगांसाठी बोर्ड निवडताना : आर्डुइनो उनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून पंप चालवायचा असो, टाकीतील पाण्याची पातळी पाहायची असो, खोल्यांच्या तापमानाची नोंद ठेवायची असो किंवा दार उघडल्याची सूचना फोनवर मिळवायची असो, घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग सुरू करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न बोर्डाचा, म्हणजे सेन्सर वाचून काम चालवणाऱ्या छोट्या सर्किटपट्टीचा, येतो. आर्डुइनो उनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय ही तीन नावे बहुधा एका दमात घेतली जातात आणि प्रोसेसरचा वेग व मेमरी यांच्या तक्त्यावरून त्यांची तुलना केली जाते. त्या तक्त्यात रास्पबेरी पाय नेहमीच वरचढ ठरतो, त्यामुळे निवड करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तयार झालेले उपकरण कुठे बसणार आहे, तिथे त्याला वीज कशी मिळणार आहे आणि ती अचानक गेली तर काय व्हायला हवे, हे प्रश्न माझ्या मते आधी विचारायला हवेत, कारण त्यांची उत्तरे मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते.

उनो आणि ईएसपी३२ हे मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एकाच चिपमधल्या साध्या संगणकाचे, बोर्ड आहेत, तर रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक आहे. मायक्रोकंट्रोलरवर आपण लिहिलेला एकच प्रोग्राम असतो. वीज मिळताच तो सुरू होतो, वीज गेली की थांबतो आणि परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रास्पबेरी पायवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, त्यामुळे तो सुरू व्हायला वेळ लागतो आणि बंद करतानाही रीत पाळावी लागते. पण त्या बदल्यात फायली, डेटाबेस, कॅमेरा आणि एकाच वेळी चालणारे अनेक प्रोग्राम असे सगळे हाताशी येते. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतील इव्हरेया येथील एका डिझाइन संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी झाली, आणि उनो हाताळताना ते आजही जाणवते. त्यातील एटमेगा३२८पी ही ८ बिटांची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामसाठी ३२ केबी आणि चालू कामासाठी फक्त २ केबी मेमरी मिळते. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२ मध्ये २४० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन कोर, ५२० केबी मेमरी आणि चिपमध्येच वाय-फाय व ब्लूटूथ आहे. २०२३ मध्ये उनोची ३२ बिटांची आर४ ही आवृत्तीही आली आहे, परंतु पुढील विवेचन बहुतेकांच्या हाती असलेल्या जुन्या उनोला धरून आहे.

विजेचा प्रश्न प्रत्यक्ष हिशेबाने पाहिला म्हणजे या तिघांतले अंतर नीट कळते. समजा, अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या कुंडीजवळ वायर नेणे शक्य नाही आणि सगळे काम २००० मिलिअँपिअर-तासांच्या, ३.७ व्होल्टच्या एका लिथियम बॅटरीवर भागवायचे आहे. रास्पबेरी पाय ४ काहीही न करता नुसता चालू असला तरी साधारण ३ वॅट वीज घेतो. बॅटरीत एकूण ७.४ वॅट-तास ऊर्जा असल्याने ती अडीच तासही पुरत नाही, शिवाय व्होल्टेज ५ पर्यंत वाढवताना होणारा तोटा वेगळाच. उनो ५ व्होल्टवर साधारण ५० मिलिअँपिअर, म्हणजे पाव वॅट घेतो; तोटा न धरताही जेमतेम तीस तास. चिपला झोपवता येते, पण बोर्डावरचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि दिवा जागेच राहतात, म्हणून उनो आहे तसा बॅटरीवर चालवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

ईएसपी३२ चे गणित मात्र निराळे आहे. गाढ झोपेत ही चिप केवळ १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. दर पंधरा मिनिटांनी जागे होऊन, ५ सेकंदांत ओलावा मोजून आणि वाय-फायवरून आकडा पाठवून ती पुन्हा झोपली, आणि जागेपणी सरासरी १०० मिलिअँपिअर लागले असे धरले, तर एकूण सरासरी ०.५७ मिलिअँपिअरच्या जवळ येते. त्या हिशेबाने तीच बॅटरी १४५ दिवसांच्या आसपास चालायला हवी. राउटरकडून दर वेळी पत्ता मागण्याऐवजी प्रोग्राममध्येच ठरावीक आयपी पत्ता दिला आणि जागेपणाचा वेळ २ सेकंदांवर आणला, तर मुदत जवळजवळ वर्षावर जाते. हा हिशेब कागदावरचा आहे. बॅटरी आपोआप थोडी उतरते, थंडीत तिची क्षमता घटते आणि वाय-फायचा सिग्नल क्षीण असेल तर जोडणीला जास्त वेळ लागतो. मोठा फरक पडतो तो बोर्डामुळे. चिप बसवून मिळणाऱ्या तयार बोर्डावरचा सतत जळणारा दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप मिळून झोपेतही १० मिलिअँपिअर खात असतील, तर तीच बॅटरी आठ दिवसांत संपते. म्हणून बॅटरीवरच्या प्रयोगासाठी ईएसपी३२ घेताना चिपचा आकडा न पाहता त्या विशिष्ट बोर्डाचा झोपेतला आकडा पाहावा, आणि तो कुठे दिलेला नसेल तर मल्टिमीटर लावून स्वतः मोजावा.

आता व्होल्टेजकडे वळू, कारण नवशिक्यांचे बोर्ड निकामी होतात ते बहुतेक करून इथेच. उनोच्या पिना, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, ५ व्होल्टवर चालतात. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय या दोन्हींच्या ३.३ व्होल्टवर. टाकीतील पातळी मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या इको पिनेवर येणारा संकेतही ५ व्होल्टचाच असतो. उनोला तो थेट जोडता येतो. इतर दोघांना जोडताना इको पिनेपासून १ किलोओहमचा रेझिस्टर बोर्डाच्या पिनेपर्यंत आणि त्या पिनेपासून २ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडपर्यंत लावला की व्होल्टेज विभागून पिनेवर ३.३३ व्होल्ट येतात. काम दोन रेझिस्टरांचे आहे, पण ते करायला हवे हे माहीत असावे लागते. घरात दहा-बारा वर्षांचे मूल शिकायला बसणार असेल, वायरी चुकीच्या भोकांत जाणार असतील, तर मी आजही उनोच सुचवतो. तो बऱ्याच चुका सहन करतो, त्याच्या सॉकेटमध्ये बसवलेली चिप बिघडली तर तेवढीच बदलता येते, आणि मुलाला अडचण आली तर तीच अडचण आधी कोणीतरी सोडवून लिहून ठेवलेली बहुधा सापडते. अशी सॉकेटमधली चिप असलेलाच उनो घ्यावा, कारण बोर्डावर कायमची डागलेली चिप घरी बदलणे सोपे नसते.

ईएसपी३२ इतका समजूतदार नाही आणि त्याच्या खोडी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. त्याच्या ३४ ते ३९ क्रमांकांच्या पिना फक्त इनपुटसाठी आहेत. त्यांवर रिले, म्हणजे पंपासारखी वस्तू चालू-बंद करणारा विजेचा स्विच, लावला तर तो कधीच चालू होणार नाही. १२ क्रमांकाची पिन सुरुवातीच्या क्षणी वर (३.३ व्होल्टकडे) खेचलेली राहिली तर चिप फ्लॅश मेमरीचे व्होल्टेज चुकीचे ठरवते आणि बोर्ड सुरूच होत नाही. अ‍ॅनालॉग मोजणीचे, म्हणजे बदलते व्होल्टेज आकड्यात मोजण्याचे, दोन विभाग आहेत, त्यांपैकी दुसरा वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही, त्यामुळे ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ या पहिल्या विभागातील पिनांवरच लावावा. वाय-फायवरून पाठवताना क्षणभर लागणारा प्रवाह पुष्कळ वाढतो, आणि यूएसबीची वायर बारीक किंवा लांब असेल तर व्होल्टेज घसरून बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. प्रोग्राममध्ये चूक शोधण्याआधी वायर बदलून पाहावी. या सगळ्यासह, घरातील बहुसंख्य प्रयोगांसाठी माझी पहिली पसंती ईएसपी३२ लाच आहे, कारण प्रयोगाचा उपयोग बहुधा मोजलेला आकडा दुसरीकडे पोहोचण्यातच असतो, आणि उनोला त्यासाठी वेगळे साधन जोडावे लागते. उनोवर शिकलेले वायाही जात नाही. आर्डुइनोच्याच वातावरणात ईएसपी३२ साठी प्रोग्राम लिहिता येतो, आणि प्रोग्राम लिहायचाच नसेल तर ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचे वर्णन लिहून काम भागते.

रास्पबेरी पायबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो सेन्सर जोडण्याच्या कामात इतर दोघांहून पुढे असेल. त्याच्या ४० पिनांत अ‍ॅनालॉग इनपुट एकही नाही. ओलाव्याचा अ‍ॅनालॉग सेन्सर वाचायचा तर एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप लावावी लागते. वेळेच्या काटेकोरपणातही तो मागे आहे. डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर शून्य आणि एक यांतला फरक संकेताच्या लांबीने सांगतो: शून्यासाठी २६ ते २८ मायक्रोसेकंद, एकासाठी ७० मायक्रोसेकंद. उनो हे सहज मोजतो. लिनक्सला मात्र नेमक्या त्या क्षणी दुसरे काम आठवू शकते आणि मोजणी हुकते. तापमान पुन्हा वाचता येते म्हणून तिथे हे चालून जाते, पण जिथे संकेत एकदाच येतो तिथे चालत नाही.

कॅमेऱ्यातील हालचाल ओळखणे, वर्षभराच्या नोंदी ठेवून आलेख काढणे, घरातील उपकरणे सांभाळणारे होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर चालवणे किंवा घरातील फायली साठवणे यांसाठी मात्र या तिघांत रास्पबेरी पायला पर्याय नाही, आणि अशा कामासाठी तो घ्यायचाच असेल तर त्याच्या साठवणुकीचा विचार त्याच दिवशी करावा. मेमरी कार्डावर सतत नोंदी लिहिल्या जात असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, आणि रोजच्या लिखाणाने कार्ड झिजतेही. नोंदी एसएसडीवर ठेवणे, किंवा जिथे लिहायचे काहीच नाही तिथे कार्ड फक्त वाचण्यापुरते ठेवणारी सोय चालू करणे, हे दोन्ही उपाय चांगले आहेत. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळ नाही, आणि पाय ५ मध्येही त्यासाठी छोटी बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट नसताना वीज परत आली तर त्याशिवाय नोंदींवर चुकीची वेळ पडते. जुना मजकूर वाचून काम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की पाय ५ वर पिना वेगळ्या चिपमार्फत चालत असल्यामुळे आरपीआय-जीपीआयओ ही पिना हाताळणारी जुनी लायब्ररी चालत नाही आणि त्याऐवजी जीपीआयओ-झिरोसारखी दुसरी वापरावी लागते.

२०२१ मध्ये आलेला पिको हा नावाने रास्पबेरी पाय असला तरी मायक्रोकंट्रोलरच आहे. पायथनची सवय असलेल्यांना तो आवडतो, आणि वाय-फाय हवे असेल तर २०२२ चा पिको डब्ल्यू घ्यावा.

पहिल्याच वर्षी दोन-तीन प्रयोग करण्याचा विचार असेल, तर एकाच बोर्डावर सारा भार टाकण्यापेक्षा सेन्सरांजवळ ईएसपी३२ आणि घरात एका जागी रास्पबेरी पाय अशी वाटणी अधिक टिकाऊ ठरते. दोघांमध्ये निरोप पोहोचवण्यासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल वापरतात. १९९९ मध्ये तो तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी तयार झाला, त्यामुळे कमी शक्तीच्या बोर्डांवर आणि तुटक जोडणीवर तो चांगला चालतो. जुना लॅपटॉप पडून असेल तर पायऐवजी तोही हे काम करतो, आणि त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्याचा प्रश्नही काही काळापुरता सुटतो.

अशा वाटणीत निर्णय कोणी घ्यायचा हे मात्र आधी ठरवावे. ओलाव्याचा आकडा पायकडे गेला, पायने पंप चालू करण्याचा आदेश दिला आणि नंतर वाय-फाय तुटले, तर बंद करण्याचा आदेश कधीच पोहोचत नाही व पाणी वाहत राहते. म्हणून पंप जास्तीत जास्त किती सेकंद चालावा याची मर्यादा पंपाजवळच्या ईएसपी३२ च्या प्रोग्राममध्येच असावी. रिलेच्या पिनेला १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडशी जोडलेला असावा, म्हणजे बोर्ड रीसेट होत असताना ती पिन अधांतरी राहून पंप सुरू होत नाही. आणि रिले घेताना पिन खाली (शून्य व्होल्टवर) असताना बंद राहणाराच घ्यावा, कारण उलट प्रकारच्या रिलेवर हाच रेझिस्टर पंप चालू करून ठेवील.