घोडदळाची सेबर घ्यायचीय? १७९६, १८६० आणि १९०८ यातली कुठली

सेबर म्हणजे युरोपियन घडणीची घोडदळाची तलवार, आणि हे आकडे म्हणजे तो तो नमुना निघाला ते साल. तिघींपैकी एकच घ्यायची असेल तर १७९६ ची ब्रिटिश लाइट कॅव्हलरी (हलक्या घोडदळाची) सेबर घ्या, हे आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. बाकीच्यांसाठी कारणं सांगतो. पुण्यात हा शौक असलेल्या बहुतेकांचा हात बसलेला असतो मर्दानी खेळातल्या तलवारीवर, नाहीतर डोळा बसलेला असतो केळकर म्युझियममधल्या काचेमागच्या हत्यारांवर, आणि मग युरोपियन सेबर हातात घेतली की पहिला धक्का मुठीचाच बसतो. आपल्या तलवारीची मूठ बोटं आवळून धरते, वरची वाटी मनगटाला अडते, त्यामुळे वार खांद्यातून ओढून येतो. सेबरच्या मुठीत बोटं मोकळी, मनगट मोकळं. सवय व्हायला वेळ लागतो.

१७९६ ची गोष्ट अशी की जॉन गॅस्पार्ड ल मर्चंट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने फ्लँडर्सच्या मोहिमेत बघितलं की आपल्याच स्वारांच्या तलवारी इतक्या बोजड आहेत की शत्रूपेक्षा स्वतःच्या घोड्याला जास्त लागतायत, आणि मग त्याने बर्मिंगहॅमच्या कारागिराला हाताशी धरून ही बनवून घेतली. पातं साधारण ३३ इंच, चांगलं वाकलेलं, टोकाकडे जाताना अरुंद व्हायच्या ऐवजी रुंद होणारं. म्हणजे शुद्ध काप मारायची तलवार, भोसकायची नाहीच. प्रशियाने १८११ मध्ये जवळजवळ तशीच उचलली. वजन म्यान सोडून किलोच्या आतबाहेर.

आपल्या लोकांना हिच्यात इंटरेस्ट वाटावा असं अजून एक आहे. लुई नोलन म्हणून ब्रिटिश घोडदळाचा कॅप्टन होता (क्रिमियन युद्धात १८५४ ला बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध चढाईत मेला तोच), त्याने निजामाच्या स्वारांच्या तलवारी इतक्या भयंकर कशा कापतात याची चौकशी केली, तर निघालं काय, बरीचशी पाती इंग्रजांनीच जुनी म्हणून काढून टाकलेली ड्रगूनांची (म्हणजे त्यांच्या घोडेस्वारांची) पाती, देशी मुठीत बसवलेली! फरक फक्त दोन, धार वस्तऱ्यासारखी राखलेली आणि म्यान लाकडाचं. इंग्रजांची म्यानं लोखंडी, त्यात पातं आतबाहेर करून धार मरायची. म्हणजे रिप्रॉडक्शनबरोबर (हल्ली बनवलेल्या नकलेबरोबर) येणारं चकचकीत स्टीलचं म्यान दिसायला अस्सल आहे, पण धारेचं वैरी आहे, हे घेताना डोक्यात ठेवा.

१८६० ची अमेरिकन लाइट कॅव्हलरी ही त्यांच्या यादवी युद्धातली. मूळ घडण फ्रेंच १८२२ ची, पितळेची तीन फांद्यांची परज (मुठीवरचा हात वाचवणारा भाग), चामडं आणि तारेची मूठ, पातं ३५ इंचाच्या आसपास, अंगाने बारीक, बाक कमी. हिच्या आधीच्या १८४० च्या जड सेबरला लोक मनगटमोडीच म्हणायचे, त्यामानाने ही सुसह्य. बाजारात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्वस्त हीच मिळते, कारण अमेरिकेत त्या युद्धाचे नाट्यप्रयोग करणारे हौशी लोक ढिगाने विकत घेतात आणि माल बराचसा भारतातच बनतो. पण स्वस्तात मिळते म्हणूनच त्यात भंगारही जास्त. भिंतीवर पितळ छान दिसतं हे मात्र खरं, हॉलमध्ये लावायचीच असेल तर तिघींत देखणी हीच.

१९०८ चा ब्रिटिश प्रकार वेगळाच. वाकलेली नाहीच, सरळ, ३५ इंचांचं सुईसारखं पातं, पत्र्याची मोठी वाटी हाताभोवती, मुठीवर अंगठा टेकवायला जागा. घोडा दौडवत हात ताठ पुढे करून भोसकायचं, बस. कापायला जवळपास निरुपयोगी. वजन दीड किलोच्या अलीकडे. अशी वस्तू कुणी का घ्यावी? तर ज्यांना पूना हॉर्सचं वेड आहे त्यांनी. ह्या रिसाल्याची मुळं १८१७ पर्यंत जातात, १९१४ मध्ये हे लोक फ्रान्सला लढायला गेले, आणि भारतीय रिसाल्यांसाठी ह्याच नमुन्याची थोडी लहान मुठीची आवृत्ती काढलेली होती. त्या इतिहासाचं काहीतरी हातात हवं असेल तर हीच घ्या, पण हौसेने फिरवायला म्हणून घ्याल तर आठवड्यात कंटाळाल.

आता खरा मुद्दा, जो कॅटलॉगमध्ये लिहिलेला नसतो. नुसतं वजन विचारून काही कळत नाही. जुन्या अस्सल १७९६ च्या पात्याची जाडी मुठीपाशी ८ मिमीच्या आसपास असते आणि टोकाकडे उतरत उतरत २ मिमीवर येते, म्हणून ती हातात जिवंत वाटते, तोल मुठीपासून वीतभराच्या आतच येतो. स्वस्त रिप्रॉडक्शनमध्ये कारखाना सरळ एकाच जाडीची पट्टी कापतो, वजन तेवढंच भरतं पण सगळं टोकाला जाऊन बसतं आणि दहा वारात मनगट बोलायला लागतं. त्यामुळे विक्रेत्याला दोन ठिकाणची जाडी आणि तोलाचा बिंदू विचारा, व्हर्नियर लावून फोटो पाठव म्हणा. फक्त "सर एकदम ओरिजिनल सारखी आहे" एवढंच उत्तर आलं तर पुढचा विक्रेता बघा.

स्टील म्हणाल तर हाय कार्बन किंवा स्प्रिंग स्टील, १०६५, ५१६०, ईएन ४५ असलं काहीतरी लिहिलेलं हवं. स्टेनलेसची लांब तलवार फक्त लटकवायची, ती फिरवू नका, ठिसूळपणाने मोडू शकते आणि बऱ्याचदा मुठीत शिरणारं शेपूट म्हणजे वेल्डिंग केलेला बारीक गज असतो. शेपूट पात्याचंच असून मागे ठोकून बसवलेलं असेल तर उत्तम, नट लावलेला असेल तरी चालेल, निदान आवळता येतो. डेहराडूनची विंडलास १९४३ पासून ह्या धंद्यात आहे, परदेशी ब्रँडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक सेबरी भारतातच बनतात, त्यामुळे बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नका. शिवाय शस्त्र आयात करायला आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम १० खाली परवाना लागतो, कस्टममध्ये अडकली की गेली.

कायद्यावर जरा थांबतो, कारण पुण्यात कोयत्याच्या बातम्यांमुळे पोलीस आधीच वैतागलेले आहेत. ९ इंचांपेक्षा लांब पातं शस्त्राच्या यादीत येतं, आणि "धार नाहीये हो साहेब" हे फार मोठं संरक्षण नाही, कारण घरगुती आणि शेतीची अवजारं सोडली तर कायद्याच्या व्याख्येतून सुटतं ते फक्त खेळणं म्हणूनच वापरता येणारं आणि ज्याचं खरं हत्यार करता येत नाही असं. कार्बन स्टीलच्या बोथट सेबरला धार लावता येते, विषय संपला. त्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली अधूनमधून बंदी आदेश निघतात, त्या काळात तलवार घेऊन रस्त्यावर दिसलात तर कलम १३५ आहेच. म्हणून घ्यायच्या आधी आपल्या पोलीस स्टेशनला जाऊन विचारा, बिल जपून ठेवा, बोथटच घ्या, आणि गडावर फोटो काढायला नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. जुन्या बाजारात कुणी अस्सल जुनी म्हणून दाखवली तर अजून सावध, १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो.

निगा फार नाही. मशीन ऑइल, सुती फडकं, बोहरी आळीत बारीक पॉलिश पेपर मिळतो, झालं. जून ते सप्टेंबर मात्र म्यानात ठेवू नका, आत ओल धरते आणि खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा पातं तांबडं झालेलं असेल.

दोघांनी मिळून खेळायची इच्छा असेल तर ह्यातली एकही नको. त्यासाठी टोक वळवलेल्या, लवचिक पात्याच्या सरावाच्या सेबर वेगळ्या येतात, सुरुवातीला तर नायलॉनची घ्या, मास्क आणि ग्लोव्हज आधी.

आणि डावखुरे असाल तर १८६० नकोच, तिची परज उजव्या हाताच्या हिशोबाने एका बाजूला जास्त पसरलेली असते, डाव्या हातात बोटांची बाहेरची बाजू उघडी पडते. १७९६ ची परज साधी एक पट्टी आहे, दोन्ही हातांना सारखीच.