सोन्या हेनीचा कोणता सिनेमा आधी बघावा: ‘थिन आइस’ की ‘सन व्हॅली सेरेनेड’?

बर्फावरच्या स्केटिंगचा जुना, हलकाफुलका, नाचगाण्यांचा हॉलिवूडपट बघायचा म्हटलं की सोन्या हेनीशिवाय पान हलत नाही. नॉर्वेच्या या मुलीने १९२८, १९३२ आणि १९३६ अशा सलग तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकलं. १९२७ ते १९३६ अशी सलग दहा वर्षं जगज्जेतेपदही तिच्याचकडे होतं. मग ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये दाखल झाली. तिच्या सिनेमांपैकी एकाच संध्याकाळचा वेळ काढणार असाल, तर खरी निवड दोघांतच आहे: १९३७चा ‘थिन आइस’ आणि १९४१चा ‘सन व्हॅली सेरेनेड’. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही दीड तासाच्या आत संपणारे.

गोष्टीसाठी बघायचा असेल तर ‘थिन आइस’ जास्त नेटका आहे. स्विस आल्प्समधल्या हॉटेलात स्केटिंग शिकवणारी एक मुलगी आणि ओळख लपवून स्कीइंगला येणारा एक राजपुत्र. दोघांविषयी कुजबुज सुरू होते, आणि हा साधासुधा दिसणारा माणूस कोण आहे याचा तिला मात्र पत्ता नसतो. राजपुत्राच्या भूमिकेतला टायरन पॉवर तेव्हा ऐन भरात होता. त्याच्यासमोर हेनीचं मोजकं, अडखळतं इंग्रजीसुद्धा गोड वाटतं. मधली जोन डेव्हिसची विनोदी गाणी मात्र ताणलेली आहेत.

‘सन व्हॅली सेरेनेड’ची गोष्ट अगदी तकलादू. एक बँड प्रसिद्धीसाठी युद्धातलं निर्वासित मूल दत्तक घ्यायला निघतो. बंदरावर उतरते ती चांगली लग्नाच्या वयाची नॉर्वेजियन तरुणी, आणि उतरल्यापासून तिचा डोळा बँडच्या पियानोवाल्यावर. त्याची आधीची मैत्रीण ज्या सहजतेने बाजूला सारली जाते ते मला आजही खटकतं. एक लक्षात ठेवा, सिनेमा आला तेव्हा नॉर्वे खरोखरच जर्मनांच्या ताब्यात होता. या हसऱ्या चित्रपटात त्याचा भार जवळपास कुठेच जाणवत नाही.

पण संगीत! इथे ‘थिन आइस’ स्पर्धेतच नाही. त्या काळचा गाजलेला स्विंग-जॅझ बँडप्रमुख ग्लेन मिलर याचा अख्खा बँड पडद्यावर आहे. असं त्याच्या फक्त दोन चित्रपटांत घडलं; १९४४च्या डिसेंबरात इंग्लिश खाडीवरून जाताना त्याचं विमान बेपत्ता झालं. ‘चॅटनूगा चू चू’ हे गाणं बारकाईने बघा. आधी बँड तालीम करतोय, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाले आळीपाळीने उठतात, बँडमधला गायक-सॅक्सोफोनवादक टेक्स बेनेकी शीळ घालत गाण्यात शिरतो. वाटतं, गाणं संपलं. तेवढ्यात कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री डोरोथी डँड्रिज येते, सोबत निकोलस बंधू ही कृष्णवर्णीय टॅप-नर्तकांची जोडी, आणि पुढची काही मिनिटं नजर हटत नाही: उड्या, गिरक्या, पाय फाकवून थेट जमिनीवर बसणं आणि हात न टेकता तसंच उभं राहणं. कृष्णवर्णीय कलाकारांचे असे प्रसंग तेव्हा कथेपासून वेगळे ठेवत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थिएटरांना ते बिनदिक्कत कापता येत. सिनेमातला सगळ्यात जिवंत तुकडा तोच असावा, याचा राग येतो. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’वर वाढलेल्या कानांना हा ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा ठेका लगेच ओळखीचा वाटेल.

आता मुख्य मुद्दा, स्केटिंग. आजच्या ऑलिंपिकमधल्या तिहेरी-चौपट उड्या डोळ्यासमोर ठेवून बसलात तर निराश व्हाल. त्या काळी बहुतेक एकाच फेरीच्या उड्या असत. हेनीची ताकद गिरकीत आहे. गिरकीचा वेग वाढत जातो आणि पाय जागचा हलत नाही. ‘थिन आइस’मध्ये तिला त्यासाठी मोकळं मैदान मिळालंय. ‘प्रिन्स इगोर’ या रशियन ऑपेराच्या संगीतावरचा भला मोठा समूहनाच तर खास; त्याच्या नृत्यदिग्दर्शनासाठी हॅरी लोसीला ऑस्करचं नामांकन होतं. ‘सन व्हॅली’त स्केटिंग त्या मानाने कमी, स्कीइंग बरंच. शेवटचा नाच मात्र काळ्या रंगवलेल्या बर्फावर आहे. पांढऱ्या कपड्यातली माणसं आणि खाली त्यांची उलटी प्रतिबिंबं, कृष्णधवल छायाचित्रणाने असं काही द्यावं की रंगांची आठवणही येऊ नये. या चित्रपटाच्या छायाचित्रणालाही ऑस्कर नामांकन मिळालं होतं.

घरातली सगळी मंडळी एकत्र बसणार असतील, त्यांत जुन्या गाण्यांचा एखादा शौकीन असेल, तर ‘सन व्हॅली सेरेनेड’ लावा. गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तरी बिघडत नाही. स्वतः स्केटिंग करणारं किंवा शिकणारं कुणी असेल तर ‘थिन आइस’. माझी स्वतःची पसंती ‘सन व्हॅली’ला आहे, आणि ती हेनीपेक्षा मिलर आणि निकोलस बंधूंमुळे आहे. हेनी रंगीत बघण्याची इच्छा असेल तर १९४५चा ‘इट्स अ प्लेझर’ आहे, पण सुरुवात त्याने करू नका. दोन्ही आवडले तर पुढे तिचा पहिला हॉलिवूडपट, १९३६चा ‘वन इन अ मिलियन’ बघा. ऑलिंपिक नुकतंच गाजवून आलेली हेनी त्यात दिसते.