सुरीची मूठ: दोन पट्ट्या की अखंड लाकूड?

पातं चोरबाजारात हाती लागलेलं असो की लोहाराकडून घडवून घेतलेलं, लाकडी मूठ बसवायची म्हटली की मार्ग दोन. एक, पोलाद मुठीच्याच आकारात शेवटपर्यंत ठेवून दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या रिवेटनं बसवायच्या. दुसरा, पात्याला मागे बारीक शेपटी ठेवून ती अखंड मुठीच्या भोकात रोवायची. मी दोन्ही करून पाहिलंय.

पट्ट्यांचं काम सोपं, हे आधीच कबूल करतो. चूक झाली तर समोर दिसते, सुधारता येते. माझी पहिली सुरी अशीच झाली, ऐन जुलैत, सुतारानं दिलेल्या सागाच्या तुकड्यातून. पितळी रिवेट, मग कानस, मग पॉलिशपेपर. लाकूड कुठे संपतं आणि पोलाद कुठे सुरू होतं, ते डोळे मिटून बोट फिरवलं तर कळत नव्हतं.

दिवाळीनंतर कळायला लागलं. मुंबईच्या पावसात फुगलेलं लाकूड आकसलं, पोलाद होतं तेवढंच राहिलं. कड वर आली ती फार तर कागदाच्या जाडीइतकी. पण तेवढ्यावर किलोभर कांदा चिरून बघा! तर्जनीच्या मुळाशी लाल रेघ उमटते. आई म्हणाली, "तुझी सुरी तुलाच लखलाभ," आणि विळी ओढून बसली. पोलाद घासून सपाट केलं, तर पुढच्या पावसात लाकूड वर. लाकूड घासलं, तर थंडीत पुन्हा पोलाद वर. तिसऱ्या वर्षी मी नाद सोडला. मूठ डिसेंबरात बसवली असती तर कदाचित एवढं झालं नसतं, आणि तुमच्या हाताला ते खुपेलच असंही नाही.

शेपटीच्या मुठीत पोलादाला चहूकडून लाकूड. आकसो की फुगो, हाताला लाकूडच लागतं. तिथे डोकेदुखी भोकाची. शेपटी चपटी, ड्रिलचं भोक गोल. दोन-तीन भोकं शेजारीशेजारी पाडून मधलं लाकूड बारीक कानशीनं काढावं लागतं. ड्रिल जरा तिरकं गेलं की पातं मान वाकडी करून बसतं. शिसवाचा एक चांगला तुकडा मी असाच घालवला. शिवाय आत गंज धरला तर बाहेरून पत्ता लागत नाही.

लाख भरून, शेपटी तापवून बसवायची जुनी रीत मला आवडते, पण गरम पाण्यात सुरी धुतली की लाख मऊ पडते. आणि तापवताना पात्यावर ओलं फडकं हवंच. निळी झाक धारेपर्यंत पोचली की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मी अराल्डाइट वापरतो. शेपटीला कानशीनं खाचा पाडायच्या, साग असेल तर तेलकटपणा जायला भोक थिनरनं पुसायचं, आणि रात्रभर सुरी उभी ठेवून हात लावायचा नाही.

नारळ फोडायचा कोयता करत असाल तर मीही पट्ट्याच घेईन. कांदा-बटाटा आणि पापलेटासाठी मात्र माझा हात आपोआप अखंड मुठीकडे जातो. फक्त लोहाराला शेपटी चार बोटं लांब ठेवायला आधीच बजावा. माझ्या पात्याला त्यानं दोनच बोटं ठेवली होती. ती मूठ गणपतीपर्यंतही टिकली नाही.