एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. चार गिअर आणि मागे जोडलेला लेकॉक कंपनीचा एलएच जातीचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारी जोडणी). गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसरा झाल्यावर, तिचा गिअरबॉक्स खाली न उतरवता जेवढा स्वच्छ करता येतो तेवढा केला, त्यात नवे तेल भरले आणि तेव्हापासून जूनअखेरपर्यंत नाशिकच्या आसपास सुमारे २,१०० किलोमीटर गाडी चालवली. तेल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकालाच गिअर लोण्यासारखे पडताना वाटतात, म्हणून हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही पाहून झाल्यावरच लिहीत आहे.

आधीची तक्रार अशी होती. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना हलकीशी खरखर व्हायची, चौथ्यावरून दुसऱ्यावर येताना ती चांगलीच ऐकू यायची आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबल्यावर तो लागायला तीन-चार सेकंद लागायचे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदलून घेतले होते, आणि ‘इंजिनचे तेल गिअरबॉक्समध्ये कोण टाकतं साहेब’ असे म्हणून तेथील मिस्त्रींनी त्यात ८०डब्ल्यू-९० जातीचे जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) ऑइल भरले होते. त्यांचा हेतू चांगला होता आणि तेलही महागाचे होते. मीच तेव्हा गाडीचे मॅन्युअल उघडून पाहिले नाही, हा दोष माझा.

एमजीबीच्या कारखान्याने गिअरबॉक्ससाठी सांगितलेले तेल म्हणजे इंजिनात जाते तेच, २०डब्ल्यू-५०. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण त्याच घराण्यातल्या जुन्या मिनीमध्ये तर गिअरबॉक्स इंजिनच्या चेंबरमध्येच बसलेला असतो आणि दोघे एकाच तेलावर चालतात. शिवाय २०डब्ल्यू-५० मधला ५० आणि गिअर ऑइलमधला ९० हे आकडे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. गरम झाल्यावर ही दोन्ही तेले जवळपास सारखीच दाट असतात. खरा फरक आहे तो तेलात मिसळलेल्या रसायनांचा. मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, त्यामुळे त्यांना गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायनांचा संरक्षक थर लागतो, आणि जीएल-५ मध्ये ही रसायने जीएल-४ या सौम्य दर्जाच्या साधारण दुप्पट असतात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मात्र नेमके उलटे हवे असते: रिंग शंकूवर घासली गेली, तिने गिअरचा वेग पकडला, तरच दात न वाजता गिअर पडतो. अति निसरडे तेल हे घासणेच कमी करते, आणि त्यातले गंधक पितळावर चढून त्याचा थर हळूहळू सोलून नेऊ शकते. आजची काही जीएल-५ तेले पितळाला त्रास न देणारी असतात हे मला मान्य आहे, पण डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर माझ्या गाडीवर तो प्रयोग मी करणार नाही.

कामाला एक शनिवार आणि अर्धा रविवार लागला. आधी गंगापूर धरणापर्यंत जाऊन परत आलो, कारण तेल गरम असले की तळाचा गाळही त्याच्याबरोबर वाहून येतो. गाडी चार घोड्यांवर (स्टँडवर) समतल चढवली, हँडब्रेक लावला, सायलेन्सरचा पाइप निवू दिला आणि मग ड्रेन प्लग सोडला. निघालेले तेल काळपट होते आणि त्याला गंधकाचा उग्र वास होता. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चकाकी दिसली. ती चकाकी म्हणजे सिंक्रो रिंगांचे पितळ. करडी, लोण्यासारखी भुकटी चुंबकाला चिकटलेली असणे या वयाच्या गाडीत स्वाभाविक आहे. दाताचा तुकडा किंवा टोकदार कपची मिळाली असती तर मी तेथेच थांबून गिअरबॉक्स उतरवला असता.

पुष्कळ जण नेमकी विसरतात ती जागा म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या तळाची झाकणी. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. त्याचा पंप त्या तेलाचा दाब तयार करतो आणि त्या दाबाने आतला शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो. पंपाच्या आधी बारीक जाळी आहे. माझ्या गाडीतली ती जाळी निम्मी तरी बुजलेली होती, आणि मी मात्र वर्षभर सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह चालू करणारा विजेचा भाग) बदलायच्या गोष्टी करत होतो. जाळी आणि चुंबक डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुऊन हवेने वाळवले, जुने पॅकिंग खरवडून काढले आणि नवे पॅकिंग कागदातून स्वतः कापून बसवले. पुसायला सुटे धागे निघणारा कापसाचा चोथा वापरू नये. एक धागा आत राहिला तरी तो फिरत फिरत जाळीवरच येतो.

गिअरबॉक्स रॉकेल टाकून धुण्याचा सल्ला मला सातपूरमधल्या दोघा अनुभवी कारागिरांनी दिला. मी तो मानला नाही. रॉकेल ओव्हरड्राइव्हच्या अरुंद वाटांमध्ये साचून राहते आणि नंतर नव्या तेलाला पातळ करते. त्याऐवजी साधे मिनरल २०डब्ल्यू-५० भरून शंभर किलोमीटर गाडी चालवली, ते गरम असतानाच काढले आणि पुन्हा तेच तेल ताजे भरले. ओव्हरड्राइव्हसह सुमारे ३.४ लिटर लागते, म्हणजे दोन वेळचे मिळून सात लिटर घेतले. घर्षण कमी करणारी कोणतीही बाटली वरून ओतू नये असे मॅन्युअल बजावते, आणि ओव्हरड्राइव्हचा क्लच घर्षणावरच पकडतो हे लक्षात घेतले की त्याचे कारण सांगावे लागत नाही.

तेल भरायची जागा गाडीच्या आत आहे. पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर गालिच्याखाली रबरी बूच असते, त्याखाली डिपस्टिक. लांब नळीचे नरसाळे नसेल तर गालिच्याला पुढची काही वर्षे तेलाचा वास येतो. आमच्या घरात यावरून झालेली चर्चा येथे देत नाही. पहिल्यांदा डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरल्यावर थोडे अंतर ओव्हरड्राइव्ह लावून गाडी चालवावी आणि पातळी पुन्हा पाहावी, कारण त्या कप्प्यात तेल गेल्यावर ती उतरते.

आता अनुभव. तिसऱ्या गिअरची खरखर पहिल्या दोनशे किलोमीटरांत कमी झाली आणि डिसेंबरपर्यंत पूर्ण गेली. ओव्हरड्राइव्ह आता सेकंदभरात लागतो, आणि हे श्रेय मी तेलापेक्षा जाळीला देतो. त्याचे गुणोत्तर ०.८२ आहे, चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिनचे फेरे २,८०० वरून २,३०० च्या आसपास येतात, आणि इगतपुरीच्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी न ओरडता बोलता येते. वणीमार्गे सापुताऱ्याला दोनदा गेलो. एप्रिलच्या उन्हात घाट चढून गेल्यावरही गिअर सैल वाटले नाहीत. जानेवारीतल्या थंडीत मात्र हे तेल पहाटे जड होते. पहिले तीन-चार किलोमीटर दुसरा गिअर हट्ट धरतो आणि तो दांडा दाबून बसवू नये.

रिव्हर्स टाकताना होणारी करकर तेलाने अजिबात कमी झाली नाही, आणि होणारही नव्हती. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो वाजणारच. क्लचच्या हायड्रॉलिकमधली हवा काढल्यावर आणि पेडल दाबून दोन सेकंद थांबण्याची सवय लावल्यावर ती थांबली. गळतीही आहे तशीच आहे: मागच्या सीलमधून थेंब पडतात, आठ महिन्यांत अंदाजे दोनशे मिलिलिटर वरून घालावे लागले. गाडीखाली जुना ट्रे ठेवला आहे.

दुसऱ्या गिअरची रिंग झिजलेली आहे, आणि झिजलेले पितळ कोणत्याही तेलाने परत येत नाही. ती बदलायची तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतील, आणि तेव्हाच क्लच आणि मागचे सीलही बदलून घेईन. हे काम पावसाळ्यानंतर ठेवले आहे. तोपर्यंत चौथ्यावरून दुसऱ्यावर येताना ट्रकवाल्यांसारखा डबल क्लच मारतो (मध्ये न्यूट्रलवर थांबून क्लच दोनदा दाबतो), आणि तसा मारला की दुसरा गिअरही मुकाट्याने पडतो.