फुप्फुसाच्या प्रतीक्षायादीत नंबर लावून देणारा मध्यस्थ

माझ्या थोरल्या बंधूंना फुप्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुस कडक होत जाऊन श्वास अपुरा पडण्याचा आजार, आहे. पिरफेनिडोनच्या गोळ्या चालू असूनही घरात ऑक्सिजन लावून बसण्याची वेळ आली, तेव्हा कोल्हापुरातील छातीच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा पर्याय सुचवला. ही बातमी फिरताच राजारामपुरीतील एका ओळखीच्या दुकानदारामार्फत एक गृहस्थ घरी आले. आपण प्रत्यारोपण समन्वयक आहोत, यादीत वरचा नंबर लावून देऊ, असे सांगून त्यांनी वहिनींकडून नोंदणी शुल्क म्हणून चार लाख रुपये रोख घेतले आणि गोल शिक्क्याची पावती दिली.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला, की जुळणारे फुप्फुस चेन्नईत बर्फात राखून ठेवले आहे, आणखी सहा लाख भरल्यास ते महिनाअखेरपर्यंत दादांसाठी थांबवता येईल. येथेच मला संशय आला. दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस बर्फात साधारण सहा तासच टिकते, म्हणून तर रस्ता मोकळा करून आणि विमानाने ते नेतात. शिवाय फुप्फुस देताना रक्तगटाबरोबर छातीचे आकारमान जुळावे लागते, त्याचा अंदाज उंचीवरून घेतात, आणि या गृहस्थांनी दादांची उंची एकदाही विचारली नव्हती!

पावती घेऊन आम्ही पुण्यातील एका परवानाधारक रुग्णालयात गेलो. तेथील समन्वयक बाईंनी शांतपणे सांगितले, की रुग्णाची पूर्ण तपासणी करून रुग्णालयच त्याचे नाव ही यादी सांभाळणाऱ्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदवते. बाहेरच्या कोणालाही नाव घालता येत नाही की वर सरकवता येत नाही. नोंदणीसाठी रुग्णाकडून शुल्क घेऊ नये, असे केंद्र सरकारने 2023 मध्ये राज्यांना कळवले आहे. अवयवासाठी पैसे मागणे आणि त्यात मध्यस्थी करणे हा तर 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली गुन्हाच आहे. खर्च लागतो, आणि तो फार मोठा लागतो, पण तो शस्त्रक्रियेचा आणि नंतर आयुष्यभर घ्यायच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा. त्याचे बिल रुग्णालय देते.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या गृहस्थांचा फोन बंद आहे आणि दुकानदार आता ओळख नाकारतो. कोल्हापूर-सांगली भागात अशीच गोल शिक्क्याची पावती कोणाला मिळाली असेल, तर ती फाडू नये, तपासासाठी पोलिसांकडे द्यावी.