सिव्हिलायझेशन ६ की युरोपा युनिव्हर्सालिस ४: नकाराचं कारण कोण सांगतं?

परवा ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, सेल लागलाय. सिव्ह ६ घेऊ की ईयू ४? पैसे एकाचेच आहेत.’ सिव्ह म्हणजे सिव्हिलायझेशन, ईयू म्हणजे युरोपा युनिव्हर्सालिस; दोन्ही राज्य चालवायचे कॉम्प्युटर गेम. दोन्हींचे पुढचे भाग २०२५ साली आले, पण त्याच्या लॅपटॉपला ते झेपायचे नाहीत. लढाया, नकाशे त्याने व्हिडिओत पाहिलेत. कॉम्प्युटरच्या हातातले राजे धड वागतात का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

पुरते धड कुठेच वागत नाहीत. पण फरक आहे.

सिव्हमध्ये प्रत्येक राजाची एक उघड आवडनिवड असते आणि एक छुपी. नॉर्वेच्या हाराल्डला मोठं आरमार बाळगणारे आवडतात, न बाळगणारे खुपतात. कल्पना सुरेख आहे. गेल्या पावसाळ्यात कोपरीच्या घरी रात्री अकराला एक डाव मांडला होता. माझी तिन्ही शहरं खंडाच्या ऐन पोटात, जवळचा किनाराही दुसऱ्याच्या ताब्यात. हाराल्डला मी घोडे स्वस्तात दिले, त्याच्याशी मैत्री जाहीर केली. तरी मधूनमधून यायचा आणि तुझं आरमार दुबळं म्हणून सुनावून जायचा. गलबत उतरवायला मला समुद्रच नव्हता, हे त्याच्या हिशेबात कुठेच नाही. मैत्रीच्या ३० फेऱ्या संपल्या, त्याने ती पुन्हा करायला नकार दिला आणि थोड्याच वेळात माझा जाहीर निषेध केला. मला हरण्याचं दुःख नसतं. पण जी चूक सुधारणं माझ्या हातातच नाही, तिच्यापायी दोस्त गेला की डावातलं मन उडतं. तो डाव मी पुढे उघडलाच नाही.

२०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या सिव्हच्या जोड-भागाने बरंच सावरलं, हेही सांगायला हवं. आधी दुसऱ्याने काढलेल्या लढाईत शहरं घेतली तरी युद्धखोराचा शिक्का आपल्यावर बसायचा. आता गाऱ्हाण्यांचा हिशेब दोन्हीकडून धरला जातो.

ईयू ४ मध्येही वैताग कमी नाही. आपण जिंकलेल्या प्रांतावर दोस्ताचा डोळा असला की जुनी मैत्री तुटते. ऐन लढाईत त्याची फौज भलत्याच किल्ल्याला वेढा घालून बसते. शिकायला काही आठवडे द्यावे लागतात; सिव्ह एका रात्रीत हाताला बसतं.

पण इथे नकार आधीच दिसतो, कारणासकट. १४४४ चं विजयनगर खेळायला घेऊन बहमनींवर चालून जायचं होतं. युद्ध पुकारण्याच्या पडद्यावर दोस्त ओरिसाच्या नावापुढे लाल खूण. कर्सर नेला तर हिरव्या-लाल आकड्यांची यादी उघडली, आणि त्यात सगळ्यात जड आकडा कर्जाचा. मी युद्ध थांबवलं, त्यांना खजिन्यातून पैसे पाठवले, वाट पाहिली. दोनेक वर्षांनी खूण हिरवी झाली आणि त्यांची फौज खरंच उतरली. कर्जात बुडालेला राजा लढाईला येत नाही, हे मला पटतं.

ज्याला आठवड्यातून जेमतेम दोन तास मिळतात त्याने सिव्ह घ्यावं, मी अडवणार नाही. भाच्याला मात्र ईयू ४ च घे म्हटलं. पहिला डाव विजयनगरचाच मांड, आणि रविवारी लॅपटॉप घेऊन ठाण्याला ये. ओरिसाशी तह दोघं मिळून करू.